रिकामी बॅटरी परत कशी द्यायची?

३ एप्रिल, बुधवार

सात मिनिटं! गाडीबरोबर आलेली बॅटरी सात मिनिटांत ढेपाळली. ह्यांनी रिमोट पलंगावर टाकला आणि परत खिडकीशी जाऊन बसले. लेक आयझिरेकने बापाच्या वाढदिवसाला बिश्केकहून किती हौसेने ही रिमोटची मोटार पाठवली — हातभर लांब, तांबूस. हे तिला ‘तोरू’ म्हणतात. ज्या घोड्यावरून पडले त्याचंच नाव!

पडले त्याला दोन हिवाळे झाले. शर्यतीचे घोडे तयार करणारा माणूस, पण काठी घेऊन लोकांसमोर जायची लाज वाटते म्हणून फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. आज मात्र पुटपुटले, “बॅटरी धड असती तर रविवारी स्टेडियममागे गेलो असतो.” तिथे गावातली माणसं असल्या गाड्यांच्या शर्यती लावतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण ऐकलं!

५ एप्रिल

शेजारच्या एर्नाझारकडून त्याची जुनी बॅटरी मागून आणली. तोरू अंगणभर उधळली. कोंबड्यांची नुसती पळापळ!

संध्याकाळी ती बॅटरी पुन्हा गच्च भरली आणि शेगडीजवळच्या फडताळात ठेवली. कणकेचे बोर्सोक तळले की सोबत देईन. कुणाचं भांडं आपण रिकामं परत देत नाही, मग बॅटरी कशी द्यायची?

६ एप्रिल

बहिणीचा फोन. ती आजारी आहे. निघते.

२१ एप्रिल, रविवार

आज परतले. बोर्सोक तळले, फडताळ उघडलं — बॅटरी टम्म फुगलेली! एर्नाझारला हाक मारली; त्याने ती चिमट्याने उचलून अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली. “एजे, हिला अशी गच्च भरून ठेवायची नसते हो! वापरायची नसली तर अर्धीच भरायची.” जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो आपला म्हणतो, “बोर्सोक द्या इकडे. त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय?”

एवढ्यात खिडकीतून ह्यांचा आवाज — “शर्यतीच्या घोड्याला पोटभर चारून कुणी बांधून ठेवतं का गं, म्हातारे? टपालखात्यातली ती टपालखात्यातलीच, दिसेल ते गच्च भरायचं!” आणि हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसत हसत फाटकापर्यंत आले!

२३ एप्रिल

बाजारात गेले. दोन घ्यायच्या होत्या, एक एर्नाझारची भरपाई, एक आमची. कंटेनरातला दुकानदार आठ हजार एमएएचवाली पुढे करतो — “ताकद बघा, एजे!” मी एका हातात ती घेतली, दुसऱ्या हातात साधी पाच हजारवाली. तीस वर्षं टपालात पार्सलं तोलली आहेत मी! “आठ हजारवाली हलकी कशी रे? आत माल आहे की हवा?” गडी खाली बघायला लागला. मग चमकदार वेष्टनातली ‘चॅम्पियन’ दाखवली. वजन साधीइतकंच, किंमत दुप्पट. थाटाचे पैसे कोण देणार? साध्या दोन घेतल्या. वायरीचा खटका गाडीला बसतो ना, तेही बघून घेतलं.

हमीच्या कागदावर ह्यांचं नाव हवं होतं. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, मी तर अडतीस वर्षांत घेतलेलं नाही. मुकाट्याने ह्यांचा पासपोर्ट पुढे केला. “अजून पाळता, एजे?” अजून! ह्या वहीतसुद्धा लिहीत नाही.

२७ एप्रिल

बॅटरीचा ताबा आता ह्यांच्याकडे. मीटर लावून बघतात, हात लावून ऊब बघतात, मला शिवू देत नाहीत. “सकाळी भरू. आज तिला अर्धपोटी राहू दे.” माझ्यावर इतकी माया कधी केली नाही मेल्याने!

बाहेर जायची आपली पांढरी टोपी ब्रशने साफ करून खुंटीला लावली आहे. मी चकार शब्द काढला नाही. दृष्ट लागायची.

२८ एप्रिल, रविवार

गेले! काठीसकट गेले, मागोमाग मी. एर्नाझारने “या अक्साकल!” म्हणून वडीलधाऱ्याच्या मानाने खुर्ची दिली, कुणी काठीकडे बघितलंही नाही. एकाची आठ हजारवाली निम्म्यातच झोपली. आमची तोरू चौथी होती, मग तिसरी. घोडी हाकतात तसे सगळे ओरडत होते, “छू! छू!” मीही ओरडले. आणि शेवटच्या वळणावर तोंडातून काय निघावं? ह्यांचं नाव! चांगलं खणखणीत!

हे गर्रकन माझ्याकडे वळले आणि तोरू वळणावर रचलेल्या टायरांवर जाऊन उलटी. खालून पहिला नंबर.

घरी आले आणि तडक खिडकीशी जाऊन बसले. आता पुन्हा बाहेर पडलेच नाहीत तर? माझ्या ह्या तोंडामुळे! मला रडूच येतंय.

२९ एप्रिल

चहा ओतत होते. खिडकीकडे बघतच म्हणाले, “पुढच्या रविवारी वळणावर ओरडू नकोस. सरळ रस्त्यावर ओरड.” मग प्याला पुढे केला. “आधी एकदा म्हणून दाखव.”

म्हटलं. इथेही लिहिते.

तोयचुबेक.