गास्पारेचा वाटा

मी, निन्फा अदामो, दिवंगत सारो अदामो यांची पत्नी, राहणार मार्साला, खाजणाच्या काठी, मिठागरालगतचं घर, माझ्यामागे कोणाला काय जावं ते आज सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे गेलेत, पण मृत्युपत्र काही गुडघ्यांनी करत नाहीत, असं मी नोटरीसाहेबांना म्हटलं, तेही त्यांनी उतरवावं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी कोणाची छातीही नाही.

कलम १. राहतं घर, विहीर आणि डाळिंबाचं झाड माझी मुलगी मात्तेआ हिला द्यावं. तिनं माझं सगळं केलं. तोंडानं फटकळ आहे म्हणून तिचं केलेलं कोणाला दिसलं नाही. मला दिसलं.

कलम २. माझी जाऊ जिरोलमा हिला पेटीतलं सुतकाचं काळं कापड, घडी न मोडता, परत करावं. माझा मुलगा गास्पारे बेपत्ता झाल्याचा कागद आला, त्याच आठवड्यात ही बाई ते घेऊन दारात उभी. मी ते अंगाला लावलं नाही. आता माझ्यासाठी तिनं घालावं.

कलम ३. गास्पारेचा वाटा. इथे नोटरीसाहेब म्हणाले, "बाई, थोडक्यात सांगा." थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

गास्पारे मागल्या महायुद्धात टेहळणीच्या विमानावर बिनतारी यंत्र सांभाळायचा. त्या विमानाचं पोट होडीचं, वर कापड ताणलेले लाकडी पंख, आणि इंजिन थेट माणसांच्या डोक्यावर. खाजणातूनच उडायचं, खाजणातच उतरायचं. उतरताना जोरात आपटलं तर इंजिन खाली आतल्यांवर यायचं. सुरुवातीला त्याचं भारी कौतुक होतं. लढाई पेटल्यावर शत्रूच्या विमानांपुढे ते म्हणजे म्हातारी गायच ठरलं. पण बुडत्या माणसांना पाण्यातून उचलून आणायचं काम त्या विमानानं पुष्कळ केलं. बुडणारा जे ओरडतो तेच पोरांनी त्याचं नाव ठेवलं, मम्मायूत. म्हणजे, आई, धाव. मिठागरातल्या बायका मान वर करून म्हणायच्या, "आलं गं मम्मायूत!"

एक दिवस गास्पारेला घेऊन गेलं ते आलं नाही. तेव्हापासून दुपारी वारा पडला की मला इंजिन ऐकू येतं. मात्तेआ म्हणते, "आई, मिठागराचा पंप आहे तो." पंप बंद असला तरी हेच म्हणते, आणि हातातलं काम थांबवून स्वतःही ऐकते. इंजिनामागून कोणीतरी ओरडतं. ते विमानाचं नाव घेतंय की मला हाक मारतंय, हे मला इतकी वर्षं कळलं नाही.

शेजारचा तित्ता अंजिलेरी तेव्हा विमानांच्या तळावर, किनाऱ्यावरच्या बिनतारी यंत्रापाशी असायचा. मी त्याला विचारायची, "शेवटी काय म्हणाला रे?" तो म्हणायचा, "काही नाही मावशी, यंत्र मुकंच होतं." पुढे पुढे मला पाहून रस्ता बदलायला लागला.

या हिवाळ्यात तो आपणहून आला. मी परातीत कुसकुसच्या कण्यांसाठी रवा वळत बसले होते. त्याची टोपी हातात.

"मावशी, त्या दिवशी यंत्रावर आलं होतं. मम्मायूत, मम्मायूत. एवढंच."

"मग धावला का नाहीस, मेल्या?"

"मला वाटलं, नाव सांगतोय. आधी नाव, मग निरोप, अशी आमची पद्धत. मी निरोपाची वाट बघत बसलो." मग त्याला रडूच फुटलं. "आणि आमची एक थट्टा होती. यंत्रावर मम्मायूत आलं की किनाऱ्यावरून ठरलेलं उत्तर द्यायचं. तेही मी दिलं."

"काय दिलंस?"

"आले रे बाळा."

परात उचलून त्याच्या डोक्यात घालावी इतका राग आला. हात रव्यातच राहिला, गुठळ्या झाल्या. मग मी विचारलं, "त्याला पोचलं?"

"पोचलं मावशी. त्याची पोच आली. मग काही नाही."

माझ्या पोरानं हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही, ही एकच भीती मला खात होती. ओ दिली होती. माझ्या नावानं यानं दिली.

म्हणून गास्पारेची सपाट बुडाची होडी आणि वल्ही तित्ताला द्यावीत. दरवर्षी मी तिला डांबर लावलं, कोणाला पाय ठेवू दिला नाही. त्यानं ती पाण्यात घालावी, मासे धरावेत. पूजेला बांधून ठेवू नये. माझ्या शवपेटीला उजवीकडून खांदाही त्यानंच द्यावा.

कलम ४. साक्षीदारांत नोटरीसाहेबांनी शेजारी म्हणून तित्ताचं नाव घातलं होतं. ते मी खोडायला लावलं. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे. तित्ता गयावया करू लागला, "मावशी, होडी नको मला. सही करू दे." मी म्हटलं, "एवढी वर्षं एकटा साक्षीदारच होतास ना? पुरे झालं. आता वारस हो."

वर लिहिलेलं मला वाचून दाखवलं. सगळं माझंच आहे.

सही: निन्फा अदामो

साक्षीदार:
पिएत्रो बोनाफेदे, न्हावी
आन्सेल्मो लिचारी, मिठागरावरील मुकादम

मार्साला, ९ मार्च १९७३