बॅकअप सर्व्हरचा कडक पहारा

सोमवार, ३ जून
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाने स्वतःच लिहून ठेवलेलं बरं. इतरांना जमत नाही.
विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मुलाखतीचं बोलावणं मुख्य कार्यालयातून ईमेलने येणार, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा. उमेदवार दोन: मी आणि शेजारच्या टेबलावरची शंकासूर. म्हणजे उमेदवार एक.

मंगळवार, ४ जून
उद्यापासून दोन दिवस आमचा मेल सर्व्हर बंद. नव्या खोलीत हलवणार. शाखेचे मोठे साहेब म्हणाले, तोवर बॅकअप सर्व्हर उभा करा. काम हमालाचं. बाहेरून आलेली मेल त्याने घ्यायची, सांभाळायची आणि मुख्य सर्व्हर सुरू झाला की त्याच्या हवाली करायची.
तासाभरात उरकलं. शंकासूर म्हणाली, सर, एकदा चाचणी घेऊन बघू या का? चाचणी नवशिक्यांनी घ्यावी.
दुपारी वाचलं की असा सर्व्हर सैल सोडला तर जगभरचे भामटे त्यावरून जाहिराती पाठवतात. लगेच सगळ्या वाटा बंद केल्या.

संध्याकाळी
मेहुणा टपकला. तोही कॉम्प्युटरवाला, असं त्याचं मत. म्हणे, भावजी, कुठल्या डोमेनची, म्हणजे कुठल्या ऑफिसच्या पत्त्याची, मेल घ्यायची ते बॅकअपला वेगळं सांगावं लागतं बरं का, नाहीतर तो घरच्यांनाही दारातून हाकलतो. मी म्हटलं, तू चहा घे. बायको म्हणाली, अहो, ऐकून तरी घ्या त्याचं. माहेरचं माणूस आलं की हिला सगळंच पटतं.

बुधवार, ५ जून
बॅकअप कामाला लागला. नोंदी उघडल्या तर ओळीओळीला ‘नाकारलं’, ‘नाकारलं’. केवढे हे भामटे! एकही आत घुसला नाही. साहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, छान, पण आत काय आलंय? साहेबांना तांत्रिक बाबी झेपत नाहीत.
घरून स्वतःलाच ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल पाठवली. परत आली. घरचं इंटरनेट भिकार आहे. कनेक्शन मेहुण्याने निवडलेलं.

गुरुवार, ६ जून
शंकासूर म्हणाली, सर, कालपासून बाहेरची एकही मेल साठलेली नाही, असं कसं? मी म्हटलं, काम तुंबलं नाही म्हणून रडतेस का? तिने मान हलवली आणि सरळ मुख्य कार्यालयाला फोन लावला. बोलावणं निघालंय का म्हणून विचारत होती. लोकांना लाजच नाही. माझ्यासारख्याला लोक शोधत येतात.
कोट इस्त्रीला दिला. जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन प्रमुखाच्या केबिनमधल्या खिडक्यांची मापं घेतली. सध्याचे पडदे दरिद्री आहेत. सगळे बघत होते. बघू देत.

शुक्रवार, ७ जून
मुख्य सर्व्हर सुरू. बॅकअपकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं. पहारा असावा तर असा.
बोलावणं नाही. बहुतेक मुलाखतीशिवायच नेमणूक.

सोमवार, १० जून
शंकासूर विभागप्रमुख झाली.
मुख्य कार्यालयाला फोन करून जाब विचारला. तिथल्या बाई म्हणाल्या, अहो, बुधवारी तुम्हाला बोलावणं पाठवलं, तर पाठोपाठ तुमच्याकडून उलट उत्तर, स्वीकारता येणार नाही. गुरुवारी पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. दोनदा नाही म्हटल्यावर आम्ही कशाला गळ्यात पडू? त्या दुसऱ्या उमेदवार बाईंचंही परत आलं होतं, पण त्यांनी फोन तरी केला.
दुपारी नव्या प्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, सर, बॅकअपमध्ये आपलं डोमेन घालायचंच राहिलं होतं, मी घातलंय. अजून मला सर म्हणतात. मेहुण्याला यातलं काही कळवायचं नाही, असं ठरवलं.
दारापर्यंत आलो तर मागून हाक आली. खिडक्यांची मापं तुमच्याकडे आहेत ना?
दिली.