चाळीस मेंढरांची रिंग

२ फेब्रुवारी २००६, सकाळ
सांगणार मी, साखरबाई. लिहिणार नात तेजश्री, कारण अक्षराशी माझं कधी जमलं न्हाई. माझा लेक भिमाजी मेंढरं विकायची म्हणतोय. चाळीस हायत, ऊस खात्यात म्हणं. मी अट घातली: चाळीसच्या चाळीस गोल वाटेनं तीन फेऱ्या न फुटता फिरवीन. जमलं तर ऱ्हातील. व्हय म्हणाला, वर हसला. रविवार ठरला. जन्म मेंढरांमागं गेला माझा. अवघड काय त्यात?

३ फेब्रुवारी
तेजीची नोकरी लांबच्या सरकारी प्रयोगशाळेत. तिथं एक गोल नळी हाय, आख्खी वस्ती आत बसंल एवढा तिचा घेर. तिला रिंग म्हणत्यात. तिच्यात विजेचे कण घोळक्याघोळक्यानं फिरवत्यात, त्यो बीम. घोळके थोडे असले की गुमान फिरत्यात. वाढवले की डोलत्यात आन् भिंतीला जाऊन मरत्यात. मी विचारलं, राखायला कोण? चुंबक, म्हणाली. चुंबकाला शिट्टी मारता येती का? हे लिहीत न्हाई, म्हणाली. मी म्हणलं, लिही.

४ फेब्रुवारी, दुपार
वाघरी लावल्या, मेंढरं कोंडायची जाळी. एक गोल आत, एक बाहेर, मधी वाट. आमच्यात म्होरक्या मेंढ्याच्याच गळ्यात घंटी बांधत्यात, बाकीची आवाजामागं जात्यात. एका घंटीमागं कळप जातो, तर चाळीस घंट्यांमागं किती शिस्तीत जाईल? सगळ्यांना बांधल्या. आजवर कुणाला सुचलं न्हवतं.
तेजी नको म्हणाली. पुढच्या घोळक्याचा दणका नळीत घुमत ऱ्हातो, मागचा त्यात सापडतो, दर फेरीला डोलणं वाढतं. घंट्या काढ आजी, मेंढरं कमी कर. शिकल्याली पोर. नळीतल्यांना राखायला साखरबाई न्हाई, हे कोण सांगणार तिला.

५ फेब्रुवारी
पहिली फेरी देखणी. शेजारचा तात्याबा घरनं खुर्ची घेऊन आलता, त्यानं मान डोलवली. दुसऱ्या फेरीला एक दचकलं, त्याच्या घंटीनं मागचं दचकलं. वाट गोल, त्यामुळं दचका फिरून पयल्याकडंच आला, आन् येताना मोठा होऊन आला. तिसऱ्या फेरीच्या निम्म्यात वाघर तोडून सगळी भिमाजीच्या उसात. तात्याबाची खुर्चीबी.
अडीच फेऱ्या झाल्या. अडीच म्हंजी तीनच की. भिमाजी उसातनं बाहेर आला, त्यानं तसं धरलं न्हाई. तेजी हसून हसून खाली बसली. म्हणाली, आजी, आमच्याकडं अगदी हेच होतं. म्हंजी मीबी शास्त्रज्ञच.

६ फेब्रुवारी
तेजीनं बापाची समजूत काढली. आठ ऱ्हाणार, बत्तीस जाणार. हा माझा विजय हाय. तो कुणाच्या ध्यानात आला न्हाई. एवढं लिहून झालं की तेजी यवतला बस धरायला निघणार. तिनं आपल्या वहीत चाळीस ठिपक्यांचा गोल काढलाय.

१९ फेब्रुवारी
लिहिणार भिमाजी, म्हणून बेतानं सांगते. बत्तीस गेली. घंट्या कोंबड्यांच्या डालीत पडल्यात, एकच बांधली. आज आठांना वाघरीत फिरवलं. दहा फेऱ्या, एकबी फुटलं न्हाई. बघायला कुणी न्हवतं.
सांजंला तेजीचा फोन आला. लई खुशीत. तिथं घोळके कमी केले म्हणं, आता बीम दिवसभर टिकतो.
मी विचारलं, तुमचीबी विकली व्हय गं?