कोचच्या ‘या, या’ने झालेली गंमत

श्टुटगार्ट, जून १९५८

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. लतिकाचा खोकला गेला का?

आमचे कोच ऑस्कर एस्टोनियाचे, डेकॅथलॉनचे चॅम्पियन. एकटा माणूस दहा इव्हेंट्स करतो, आई! काल त्यांनी भाला उचलला. भाला परत आणून द्यायला मी समोर लांब उभा होतो; तिथून ओरडलो, “इथेच थांबू?”

“या, या!”

जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे ‘हो’. पण माझं डोकं ऐन वेळी मराठीत गेलं आणि मी निघालो की पुढे! भाला बुटाशेजारी रुतला. (बूट शाबूत. बाबांना वाचून दाखवू नकोस.)

“उद्यापासून मैदानात दिसू नकोस!” ते कडाडले. मराठी ‘या’चा अर्थ सांगितला, तेव्हा पोट धरून हसले. मग म्हणाले, “युद्धात घर सुटलं. तसं ‘या’ म्हणणारं आता कुणी नाही.”

सोमवारपासून मला भाला शिकवणारेत. मी त्यांना आपल्या घरचा पत्ता दिलाय. आले तर दारातच ‘या’ म्हण. त्यांना ‘हो’ ऐकू आलं तरी चालेल.

तुझाच,
श्यामकांत