गजाला बांधलेली ओढणी

आलापल्ली, बुधवार

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे बरे आहेत, निदान उठून चालताबोलता येण्याइतके तरी. फोनवरच सांगणार होते. पण मी करते तेव्हा तू मीटिंगमध्ये असतोस आणि तू करतोस तेव्हा मी आष्टीच्या पुढच्या जंगलात असते, बसमध्ये, रेंज नसते. व्हॉट्सॲपवर मोठं काही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचं मी काय करू रे? म्हणून शाळा सुटल्यावर वर्गातच बसून लिहिते आहे. आश्रमशाळेच्या मुली बाहेर नळावर ताटं घासताहेत. मोहफुलं पडायला लागलीत, त्यामुळे निम्म्या मुली अजून गावाहून परतल्याच नाहीत. घरच्यांबरोबर पहाटे फुलं वेचायला जातात, मी तरी कुणाकुणाला रागावू? आणि हे चिडून लिहिते आहे असं समजू नकोस. चिडायलाही अंगात जोर लागतो, तो माझा सगळा एसटीत खर्च होतो.

तुला माझं माहीतच आहे. आठवडाभर इथे, शनिवारी दुपारी शाळा सुटली की बॅग उचलायची आणि चंद्रपूर. सुनिलच्या हातचा चहा, आयुषचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, धुण्याचा ढीग, आणि रविवारी दुपारी पुन्हा उलट्या बसमध्ये. बदलीचा अर्ज दर वर्षी करते, दर वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणतात. रस्ता तर आता रस्ता म्हणायच्या लायकीचा राहिला नाही. लोहखनिजाच्या ट्रकांनी पार चाळण केली आहे. समोरून ट्रकांची रांग आली की आपली बस कडेला धुळीत उभी, खिडक्या लावल्या तर गुदमरायचं आणि उघडल्या तर धूळ खायची. गडचिरोलीला उतरते तेव्हा भुवयासुद्धा लाल झालेल्या असतात. अंग नुसतं आंबून जातं. मागच्या महिन्यात आयुष म्हणाला, मम्मी, तू घरी येतेस पण झोपायलाच येतेस. खरं बोलला पोरगा.

आता म्हणशील, गडचिरोलीला कशाला उतरतेस? आष्टीहून गोंडपिपरीमार्गे सरळ चंद्रपूर जवळ पडतं. पडतं ना. सुनिल दर शनिवारी हेच म्हणतो, सगळं जग सरळ येते, तूच काऊन वळसा घालून येतेस? मी सांगते, त्या बसला गर्दी असते. तोही समजायचं ते समजतो. मी वळसा घालते कारण गडचिरोलीहून चंद्रपूरला जाणारी बस आपल्या सावली गावावरून जाते आणि सावलीच्या थांब्यावर आई डबा घेऊन उभी असते. आईला वाटतं, आलापल्लीच्या सगळ्याच बसेस सावलीवरून जातात. वाटू दे. उतरून राहा म्हणशील, तर राहते कधीमधी, सणावाराला. पण माझा एकच रविवार, त्याचे किती तुकडे करू?

आपल्याकडे एसटीतून डबा जायची रीत काही नवी नाही. सावलीची कितीतरी पोरं चंद्रपुरात खोली करून शिकली ती एसटीतून आलेल्या डब्यांवर. तुझाही जायचा की. आई सकाळच्या बसला तुझा डबा द्यायची, वाहक ड्रायव्हरच्या मागे ठेवायचा आणि तू चंद्रपूरच्या स्टँडवर येऊन घ्यायचास. एकदा तू परीक्षेच्या नादात गेलाच नाहीस, तर डबा तसाच परत आला. आईनं तो उघडूनही पाहिला नाही. माझा डबा तसा वाहकाच्या हाती देत नाही ती, स्वतः खिडकीतून देते. बस थांबते ती जरा वेळ. गर्दीत माझी खिडकी चटकन सापडावी म्हणून मी गडचिरोलीलाच धुळीसाठी तोंडाला बांधायची ओढणी खिडकीच्या गजाला बांधून ठेवते. आई बस वळताना ओढणी बघते, त्या खिडकीखाली येते, डबा वर देते आणि माझा हात धरून ठेवते. वाहक हरिदासभाऊ सगळं जाणून आहेत. तिकिटाचं मशीन बिघडल्यासारखं उगाच ठोकत बसतात आणि बेल उशिरा मारतात.

तर गेल्या महिन्यातल्या एका शनिवारची गोष्ट. गडचिरोलीला बस लागली तेव्हा मी मागे राहिले. लोकांनी खिडक्यांतून रुमाल, पिशव्या टाकून सगळ्या सीटा धरल्या होत्या. मला उभं राहावं लागलं, तेही पार मधोमध. माझ्यापुढे दोन सीटा सोडून खिडकीशी एक पोरगी बसली होती. उन्हानं तोंड भाजत होतं म्हणून तिनं आपली पिवळी ओढणी गजाला बांधली होती. मला त्याचं काहीच वाटलं नाही. सावली आलं आणि आई सरळ त्या खिडकीखाली गेली. मी ओरडले, आई, इकडे! पण उतरणारे आणि चढणारे एकमेकांच्या अंगावर, पोरं रडताहेत, इंजिन चालू, कुणाला काय ऐकू जाणार? आईनं डबा वर दिला. त्या पोरीचा हात धरला. आणि माझ्याशी बोलते तशी बोलत राहिली रे, मान वर करून, हसत. मी माणसांच्या खांद्यांमधून बघत होते. आईचा चेहरा उजेडात होता, ती पोरगी तिच्यापासून हातभर लांब होती. बस सुटेपर्यंत आईला कळलं नाही की ती मी नव्हे.

बस निघाल्यावर मी कशीबशी पुढे सरकले. पोरगी डबा मांडीवर घेऊन बावरून बसली होती. मला डब्याकडे बघताना पाहून तिनं ओळखलंच. म्हणाली, "बाई, तुमची आई होय का? मले सांगाचं होतं, पन तिनं माया हातच सोडला नाई." सोमारी तिचं नाव. हेमलकशाच्या पलीकडच्या गावची, माडिया, चंद्रपूरला नर्सिंग शिकते. मूलच्या स्टँडवर शेजारची सीट रिकामी झाली तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि आम्ही दोघींनी मिळून डबा खाल्ला. तांदळाची भाकर, आंबाडीची भाजी. भाजीत काड्या होत्या. आईच्या भाजीत काडी! मी सोमारीकडे बघून हसले आणि मग मला हसता येईना. आई तिच्याशी काय बोलली ते सोमारीनं तेव्हाच सांगितलं. ते शेवटी लिहिते.

संध्याकाळी आईचा फोन आला. म्हणाली, पिवळा रंग तुले शोभून दिसते, पण तुये हात किती वाळले गं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या अंगावर निळी साडी होती. फोन ठेवला आणि मग एकेक गोष्ट डोक्यात जुळत गेली. सणाला मी घरी गेले होते तेव्हा मला काहीच कसं कळलं नाही? कारण त्या घरात तिला डोळ्यांची गरजच नाही. मीठ कुठे, पणती कुठे, पंचशील म्हणायला बसायची सतरंजी कुठे, सगळं हाताला ठाऊक. तू व्हिडिओ कॉल करतोस तेव्हा तुला छताचा पंखा दिसतो आणि तू हसून म्हणतोस, आई, फोन सरळ धर. ती म्हणते, दिसला, दिसला बाबू, जाड झालास. अश्वजित, तिला फोनच दिसत नाही. तू तरी कुठून दिसणार?

शेवटी आईच्या शेजारच्या पिंकीला दटावून विचारलं. पोरगी रडायलाच लागली. दिवाळीनंतर सावलीला डोळ्यांचं शिबिर झालं, पिंकीच आईला घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, डाव्यात आता फारसं काही उरलं नाही. उजव्यानं माणूस अगदी तोंडाजवळ आला तरच दिसतो. उजव्याचं ऑपरेशन चंद्रपूरला लवकर करा, पावसाळ्याची वाट पाहाल तर तोही हातचा जाईल. आईनं पिंकीला बाबासाहेबांच्या फोटोसमोर शपथ घालून गप्प केलं. मी पुढच्या रविवारी आलापल्लीची बस सोडून सावलीला गेले, भांडले, पाया पडले. ऐकेल तर ती आपली आई अंजनाबाई कसली! आपल्या आजीचं तुला आठवत असेल. शिबिरात डोळा केला, पट्टी सोडली आणि होतं तेही गेलं. आईनं तिला मरेपर्यंत हात धरून परसात नेलं आहे. तेच तिच्या डोक्यात घट्ट बसलंय. मी किती समजावलं की आता तसं राहिलं नाही. तेव्हा हळूच म्हणाली, "आहे तेवढं राहू दे. एकदा अश्वजितले जवळून पायतो. मंग डोरे गेले तरी चालन." तुला कळवते म्हटलं तर माझा हात धरला. म्हणे, त्याच्या मागं कामं असतात, त्याले काऊन तरास?

मला तुझं कळतं. पुण्याहून यायचं म्हणजे रेल्वेत एक रात्र आणि मग पुन्हा बस, रजा, पोरीची शाळा. बाबा गेले तेव्हा आलास, त्यांच्या वर्षाला आलास. त्यानंतर दर वेळी काहीतरी आडवं आलं आणि आईनं दर वेळी जाऊ दे म्हटलं. ती जाऊ दे म्हणायची म्हणून आपण दोघंही जाऊ देत राहिलो. तुला आठवतं, आपण दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचो? तुला बस लागायची म्हणून खिडकी कायम तुझी. मी आधी चढून रुमाल टाकायची, बाबा सामान सांभाळायचे आणि आई तुझ्या डोक्यावर हात ठेवून उभी, हातात लिंबू. नागभीड यायच्या आधी तू तिचा पदर खराब करायचास आणि ती म्हणायची, झालं, आता बरं वाटन माया बाबूले. मला मेलीला कधी खिडकी मिळाली नाही. अजूनही मिळते कुठे?

आता सोमारीचं. आई माझा हात धरते तेव्हा दर शनिवारी पहिला प्रश्न एकच असतो, आणि मी दर शनिवारी काहीतरी गुळमुळीत सांगते. त्या दिवशी आईनं तोच प्रश्न सोमारीला विचारला. "भाऊ कवा येते गं तुया?" सोमारीचा भाऊ तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे आणि तिची आई तिला हेच विचारत असते. त्यामुळे स्वतःच्या आईला देते तेच उत्तर तिनं तुझ्यामाझ्या आईला दिलं. म्हणाली, येते ना आई, पुढच्या महिन्यात येते. आई तेवढ्यावर आनंदानं घरी गेली. तुझी खाट उन्हात टाकली, चादरी धुतल्या, साऱ्या गल्लीला माझं नाव घेऊन सांगितलं की संघप्रियानं पक्कं सांगितलंय, अश्वजित येऊन राह्यला. मला परवा फोनवर म्हणाली, तो आला का दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनले चाल, तू म्हनशीन तिथी येतो. आता सांग, मी तिला कोणत्या तोंडानं सांगू की तो शब्द माझा नव्हता? एका अनोळखी पोरीनं तुझ्या वतीनं दिलाय. भीमजयंतीच्या आधीच्या शनिवारी ये. नागपूरला उतरून गडचिरोलीची बस धर, मी स्टँडवर असेन. पुढच्या बसमध्ये रुमाल टाकून खिडकी धरते, पूर्वीसारखी तुझ्यासाठी. ओढणी मी बांधीन, बसायचं तू. सावलीला आई डबा वर देईल आणि तुझा हात धरेल. तिला तो माझाच वाटेल. लगेच काही बोलू नकोस. ती पहिल्यांदा तुझंच विचारेल. ते तिच्या तोंडून ऐक आणि मग उत्तर दे. हरिदासभाऊंना मी सांगून ठेवलं आहे, आपण दोघं खाली उतरेपर्यंत ते बेल मारणार नाहीत.

वाट बघणारी तुझीच,
ताई