नक्शाखालची मलमल

वसमत, फाल्गुन, सन १९४५

आपल्या पोरीच्या बापास, गोजरचा नमस्कार.

हे पत्र टपालात टाकणार न्हाई. हैदराबादेहून आलात की तुमी पाय धुवायच्या आधी नक्शांची पेटी उघडता, म्हणून तिच्यातच ठेवलंय.

तुमाला नक्शे काढाया शिकवणाऱ्या उस्तादांनी तीस वर्षांमागं नक्शात आखलेलं ते मोठं हाटेल, जे कुणी बांधलंच न्हाई, त्याचे दोन नक्शे मी धुतले. पोरगी मार्गशीर्षातल्या थंडीत झाली. लढाईच्या कंट्रोलात झबल्यापुरतं कापड मिळंना. शेजारच्या चाँदबीनं नक्शाच्या कोपऱ्याला थुंकी लावून बघितली अन् म्हणाली, "भाभी, ये तो मलमल है." रिठ्याच्या पाण्यात खळ सुटली, शाई सुटली, अन् खाली खरंच मऊ मलमल निघाली. आधी न्हाणीघरांचा नक्शा धुतला. तो पुरला न्हाई, मग जिन्याचा. घुमटाच्या नक्शाला हात लावला न्हाई, देवाशपथ.

त्या नक्शांवर तुमी कंदिलाची काजळीबी पडू देत न्हवता, हे ठाऊक असून धुतले. दोन दिवस रडले. मग रागच आला. आपला संसार एका खोलीत, अन् पेटीत दोनशे खोल्या रिकाम्या.

त्या मलमलीच्या झबल्याच्या पाठीवर जिन्याच्या पायऱ्या अजून पुसट दिसतात. पोरगी आता पालथी पडाया लागली. तशीच निजली की श्वासासंगं त्या पायऱ्या वरखाली होतात.

रागवायचं तर रागवा, पण आधी तिला मांडीवर घ्या. उस्तादांच्या हाटेलात उतरलेली ती पहिलीच पाहुणी हाय.

तुमची,
गोजर