चिमटा सरळच हवा

३ नोव्हेंबर
आमची शाळा पाडणार. महिनाअखेरीस. धोकादायक इमारत अशी पाटी लागली आहे म्हणे. ढब्बूने सांगितलं. पाचवीच्या वर्गातले आता तिघेच उरलो. ढब्बू, वकील आणि मी. ढब्बूचं म्हणणं, येत्या रविवारी तिघांनी सायकलने जावं, आपल्या वर्गात उभं राहावं आणि ती नदीची कविता म्हणावी. एकेक कडवं वाटून, गुरुजी म्हणून घेत तशी. शेवटचं कडवं माझं. गुरुजी ते दुसऱ्या कुणाला देतच नसत. टेबलावर डस्टरने ताल धरत आणि खडूची धूळ उन्हात तरंगत राही. आता असे गुरुजी नाहीत, आणि अशी धूळही नाही.
कल्पना उत्तम. ढब्बूला सुचली याचंच नवल.
संकल्प: नवी सायकल घेणे. रविवारी पहाटे निघणे.

४ नोव्हेंबर
ढब्बूची सायकल पाहिली. पुढे सस्पेन्शन फोर्क. फोर्क म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरतो तो. आमच्या वेळी त्याला चिमटा म्हणत, आणि तो चिमट्यासारखाच सरळ, निमूट असे. ढब्बूच्या चिमट्यात स्प्रिंगा आहेत. तो बसला की सायकल आधी खाली जाते, मग विचार करून वर येते. म्हणे खड्डे कळत नाहीत. ज्याला आयुष्यातले खड्डे कळले नाहीत, त्याला रस्त्यातले कळून तरी काय उपयोग.
'मोडेन पण वाकणार नाही' असं ज्या भाषेत म्हणतात, त्या भाषेतल्या माणसाने स्प्रिंगवर झुलत जावं? मी रिजिडच घेणार, बिनस्प्रिंगचा. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, मोडायला मनगट आहेच. दुर्लक्ष केलं.

६ नोव्हेंबर
सायकलच्या दुकानात. रस्त्यावरच्या सायकलला रिजिड बरा की सस्पेन्शन, असा सरळ प्रश्न केला. दुकानदार मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, दोन्ही चांगले आहेत काका. असं बोलणाऱ्याने दुकान टाकू नये, निवडणुकीला उभं राहावं.
रिजिडवाली कोपऱ्यापर्यंत चालवली. हलकी. हाताला रस्ता कळतो. गटाराचं झाकणही कळलं. डाव्या मनगटात काहीतरी वाजलं.
विचार करतो, असं सांगून आलो. दुखतंय म्हणून नाही. विचार करणं वेगळं आणि दुखणं वेगळं. फडकं बांधून झोपतो.

९ नोव्हेंबर, रविवार
गेलो नाही. चुकीच्या फोर्कवर बसून बालपणाकडे जाता येत नाही, असं ढब्बूला कळवलं. वकील म्हणाला, मग बसने जाऊ, अगदी फाटकाशी थांबते. बस! ज्या रस्त्याने दप्तर पाठीवर आपटत धावलो, त्या रस्त्याने सुटे पैसे हातात धरून जायचं. वकिलाला काव्य आणि करारनामा यांतला फरक कधीच कळला नाही.
एक रविवार गेला म्हणून काही बिघडत नाही. तारखा पुढे ढकलण्यातच वकिलाचा जन्म गेला आहे.

१२ नोव्हेंबर
सस्पेन्शनवाली घेतली. मनगटाचा काही संबंध नाही. शाळेच्या वाटेवरच्या, गिरणीपुढच्या दगडी रस्त्याचा सांगोपांग विचार करून घेतली. शिवाय या सायकलच्या फोर्कच्या डोक्यावर एक खुंटी आहे. ती फिरवली की स्प्रिंग बंद. म्हणजे मी सस्पेन्शन घेतलेलं नाहीच. गरजेपुरतं मऊ होणारं रिजिड घेतलं आहे. हा फरक समजायला डोकं लागतं.
ढब्बू बघायला आला. अरे वा, माझ्यासारखीच, म्हणाला. जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर
चढावर उभं राहून पॅडल मारलं की सायकल पुढे वाकते. ब्रेक दाबला तरी वाकते. दूधवाला, वाणी, वाण्याचं कुत्रं, सगळ्यांना नमस्कार घालत गेलो. वाण्याने उलट नमस्कार केला आणि तब्येत विचारली.
खुंटी फिरवली. ती फिरवल्या जागी राहत नाही. स्प्रिंगच्या जातीला संस्कार कसले असणार.
निर्णय: चिमटा बदलणे. सायकल हीच, चिमटा रिजिड.
ही म्हणाली, "शाळा त्या चिमट्यावर उभी आहे का?" यंत्रातलं कळत नसलं की माणसं अशी बोलतात.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळीच दुकानात. नवा चिमटा आखूड निघाला. बसवला तर सायकल नाक मुठीत धरून उभी असल्यासारखी पुढे झुकली. दुकानदाराला म्हटलं, मोजून मागवायची पद्धत असते. तो म्हणाला, माप तुम्हीच दिलं होतंत काका. असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.
तेवढ्यात ढब्बूचा फोन. दोघं बसने शाळेत पोचले होते. रखवालदाराला गोड बोलून आत, पाचवीच्या वर्गात उभे. मागे वकील काहीतरी बोलत होता, त्याचा आवाज घुमत होता. बाकं काढल्यावर घुमतो तसा. त्यांची कडवी म्हणून झाली होती.
ढब्बू म्हणाला, "तुझं राहिलंय. स्पीकरवर ठेवलाय फोन. म्हण, आम्ही थांबलोय."
मी म्हणालो, "फोनवर कविता म्हणत नसतात. मी येणार आहे ना."
ढब्बू म्हणाला, बरं.
फोनवर कविता! उद्या फोनवर मुंज लावतील. शिवाय दुकानदार ऐकत होता.

२२ नोव्हेंबर
बरोबर मापाचा चिमटा बसला. सायकल ताठ. बघून ऊर भरून आला. हँडलला स्पंजाच्या मुठी लावून घेतल्या, हातमोजे गादीचे घेतले, टायर रुंद घालून हवा जरा कमीच ठेवली. सीटवर उशीसारखं एक कव्हर आहे. ढब्बू म्हणेल, हे सस्पेन्शनच झालं. हे सस्पेन्शन नव्हे. ही सभ्यता.
उद्या नक्की.

२३ नोव्हेंबर, रविवार
वारा समोरून. पुढच्या रविवारी. महिनाअखेर म्हणजे सरकारी महिनाअखेर, ती दोन महिने चालते. मला अनुभव आहे. ढब्बू-वकिलांनी मात्र घाईघाईत उरकून टाकलं. जेवणही असंच उरकतात.
ढब्बूला फोन केला, पुन्हा येतोस का. त्याचा गुडघा दुखतो म्हणाला. स्प्रिंगचा परिणाम.

३० नोव्हेंबर, रविवार
गेलो. एकटा. पहाटे निघालो, मनगट शांत, चिमटा ताठ.
गिरणीपुढचे दगड काढले आहेत. पार शाळेपर्यंत नवं डांबर. ट्रकांच्या सोयीसाठी असेल. हातात पाणी भरलेला पेला धरला असता तरी सांडला नसता. या रस्त्यावर रिजिडच हवा. माझं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं.
पत्र्याचं कुंपण. आत सपाट माती. नदी आता रस्त्यावरूनच दिसते. पूर्वी ती बघायला पाचवीच्या खिडकीशी जावं लागे.
सायकल टेकवायला भिंत नव्हती. धरून उभा राहिलो. कडवं म्हणावं म्हटलं, पण पत्रे ठोकणारे चहा पीत माझ्याकडेच बघत होते. त्यांना काय कळणार.
तेवढ्यात हिचा फोन. पोचलात का. पोचलो म्हटलं.
"मग? कशी आहे शाळा?"
मी म्हणालो, "रस्ता छान झालाय."